यीस्टच्या वेस्टर्न ब्लॉटवर बँड येत नाही, तुटका येतो किंवा एकदाच येतो: अँटिबॉडी बदलण्याआधी काय तपासायचं

बेकरीच्या यीस्टवर, म्हणजे सॅकरोमायसिस सेरेव्हिसीवर काम करणाऱ्या मुलामुलींकडून नागपुरात दर उन्हाळ्यात एक वाक्य कानावर येतं: "मॅडम, बँडच नाही येऊन राहिला." वेस्टर्न ब्लॉटमध्ये पेशीतली प्रथिनं जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून पडद्यावर (मेंब्रेनवर) उतरवतात, म्हणजे ट्रान्सफर करतात, आणि हवं ते प्रथिन अँटिबॉडीने पट्टा, म्हणजे बँड, म्हणून बघतात. तक्रारीपाठोपाठ निदानही तयार असतं, की अँटिबॉडी खराब निघाली. मग नवीन मागवायची, हजारो रुपये घालायचे, महिनाभर वाट बघायची आणि पुन्हा तोच कोरा पडदा बघायचा. हा बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता ठामपणे सांगते: दोष बहुतेक वेळा जेलच्या आधीच असतो. फ्लास्क शेकरवर असताना किंवा पेशी फोडल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांत प्रथिन हातचं गेलेलं असतं. म्हणून खालचा क्रम पाळा. आधी फुकटच्या तपासण्या, मग स्वस्त, मग महाग.

लक्षणं

आधी तुमचा बिघाड कोणत्या जातीचा आहे ते ओळखा, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

तुमचं प्रथिनही नाही आणि पीजीके१ सारखं लोडिंग कंट्रोलही (प्रत्येक लेनमध्ये दिसायलाच हवं असं नेहमीचं प्रथिन) नाही: पेशी फुटल्याच नाहीत किंवा ट्रान्सफर फसलं. पीजीके१ ठणठणीत (साधारण ४५ किलोडाल्टनला) पण तुमचं प्रथिन गायब: प्रथिन बनलंच नाही, फारच थोडं आहे, किंवा तेवढंच तुटलं. अपेक्षित आकाराच्या खाली दोन-तीन बँड किंवा खालपर्यंत ओघळ: प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं कापणारी एन्झाइम. जीएफपी (हिरवं चमकणारं प्रथिन) जोडलेल्या प्रथिनात फक्त २७ किलोडाल्टनचा बँड: जोडलेलं प्रथिन व्हॅक्युओलमध्ये (पेशीच्या पचनाच्या पिशवीत) पोचून पचलंय आणि जीएफपी तेवढा उरलाय. सगळा माल जेलच्या विहिरीच्या (सँपल भरायच्या खाचेच्या) तोंडाशी अडकलेला: मेंब्रेन प्रोटीन जास्त उकळलं गेलंय. आणि शेवटचं, आपल्याकडचं खास लक्षण: फेब्रुवारीत सुंदर बँड, मे महिन्यात तोच स्ट्रेन, तोच प्रोटोकॉल, पण बँड नाही.

१. पॉन्सो एसने मेंब्रेन रंगवा

पाच मिनिटांचं काम, रंग पुन्हा पुन्हा वापरता येतो, तरी सर्वात जास्त टाळली जाणारी तपासणी हीच. ब्लॉकिंगच्या आधी मेंब्रेन रंगवलं की प्रत्येक लेनमध्ये गुलाबी पट्ट्यांची शिडी दिसायला हवी. शिडी नसेल तर अँटिबॉडीचा प्रश्नच येत नाही. मग जेल कुमासीने रंगवा: माल जेलमध्येच राहिला असेल तर ट्रान्सफर चुकलं, जेलही कोरं असेल तर लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) रिकामं. १०० किलोडाल्टनच्या वरच्या प्रथिनांना ट्रान्सफरचा वेळ जास्त द्या. २० च्या खालच्यांना ०.२ मायक्रॉनचं मेंब्रेन घ्या, ०.४५ मधून ती आरपार जातात.

हिवाळ्यात एक वेगळी गोष्ट बघा. डिसेंबरच्या सकाळी १० टक्के एसडीएसच्या (प्रथिनं उलगडणाऱ्या डिटर्जंटच्या) बाटलीत तळाशी पांढरे पापुद्रे दिसले तर एसडीएस थंडीने बसलंय. बाटली कोमट पाण्यात धरून पूर्ण विरघळवा, मगच बफर करा. लायसिस बफरमध्ये पोटॅशियम भरपूर असेल तर एसडीएस बारा महिने असंच पांढरं होऊन बसेल. तिथे सोडियमचा क्षार वापरा.

२. फ्लास्कमध्ये यीस्टच आहे ना?

एक थेंब स्लाइडवर घ्या, ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली बघा. यीस्ट गोल-लंबगोल, पाचेक मायक्रॉनचं, कळ्या फुटलेलं. त्याच्या शेजारी वळवळणारे बारीक दांडू दिसले तर बॅक्टेरिया, धागे दिसले तर बुरशी. कूलर सुरू झाले की हे प्रमाण एकदम वाढतं. ओल्या खसवरून येणारा वारा बीजाणू घेऊन सरळ टेबलावर येतो. प्लेट उघडताना, इनॉक्युलेट करताना त्या खोलीतला कूलर बंद ठेवा, कितीही घाम आला तरी. ओडी (कल्चरची गढूळता, जिच्यावरून पेशी मोजतात) कधीच सांगणार नाही की ती कोणाची आहे.

याच बैठकीत स्ट्रेनही तपासून टाका. फ्रिजमधल्या जुन्या प्लेटवरून कल्चर लावू नका, उणे ८० च्या ग्लिसरॉल स्टॉकवरून ताजं स्ट्रीक करा. प्रथिनाचा जीन प्लाझ्मिडवर (पेशीत घातलेल्या वेगळ्या डीएनए वर्तुळावर) असेल तर थोड्या पेशी वायपीडीवर (सगळं मिळणाऱ्या माध्यमावर) आणि तेवढ्याच यूरासिल नसलेल्या (किंवा तुमचं जे सिलेक्शन असेल त्या) प्लेटवर पसरा. वायपीडीवर शेकडो आणि सिलेक्शनवर मोजक्याच कॉलनी आल्या तर पेशींनी प्लाझ्मिड टाकून दिलंय. रात्रभराचं कल्चर सोयीसाठी वायपीडीत वाढवलं की हे हमखास होतं. गॅल१ प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा भाग) असेल तर ग्लुकोजचा अंशही चालत नाही, कारण ग्लुकोज असेपर्यंत तो जीन दाबलेलाच राहतो. आधी रॅफिनोजमध्ये वाढवा, मग गॅलॅक्टोज द्या.

आणि एक फुकटची तपासणी कॉम्प्युटरवर. सॅकरोमायसिस जीनोम डेटाबेसमध्ये तुमच्या प्रथिनाचं नाव टाकून एका पेशीत त्याच्या किती प्रती असतात ते बघा. २००३ मध्ये यीस्टच्या जवळजवळ प्रत्येक जीनला टॅग (अँटिबॉडीला ओळखता येणारी जोडखूण) लावून ही मोजणी झाली, तेव्हा काही प्रथिनं पेशीमागे ५० पेक्षा कमी आणि काही दहा लाखांहून जास्त निघाली. तुमचं पहिल्या टोकाचं असेल तर साध्या लायसेटमधून ते दिसेल ही अपेक्षाच सोडा. आधी इम्युनोप्रेसिपिटेशन करून ते गोळा करावं लागेल.

३. फ्लास्कमधलं तापमान मोजा, डिस्प्लेवरचं वाचू नका

नागपूरसाठी ही सगळ्यात मोठी तपासणी, म्हणून इथे जरा थांबते.

कंप्रेसर नसलेल्या इनक्युबेटर शेकरमध्ये फक्त हीटर असतो. तो खोलीपेक्षा वर नेऊ शकतो, खाली आणू शकत नाही. त्यात मोटरची स्वतःची उष्णता भर घालते. नवतपात बाहेर पारा ४५ च्या पुढे, दुपारी वीज गेलेली, खोली ३७-३८ अंशांवर. अशा वेळी तुम्ही ३० सेट केलं तरी पेशी आहेत ३८-४० ला. बऱ्याच मशीनचा सेन्सर हवेचं तापमान एका कोपऱ्यात मोजतो. म्हणून २५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ५० मिली साधं पाणी घ्या, तुमच्या फ्लास्कच्या शेजारच्या क्लँपमध्ये बसवा, तासाभराने झाकण उघडल्याबरोबर काचेचा थर्मामीटर बुडवून वाचा. हे दुपारी तीनला करा, सकाळी नऊला नाही.

हे महत्त्वाचं का? यीस्ट ३० अंशांवर वायपीडीत दर ९० मिनिटांना दुप्पट होतं. ३७ च्या पुढे गेलं की एचएसएफ१ हा घटक जागा होतो, एचएसपी१०४ सारख्या शॅपेरोनची (इतर प्रथिनांना सावरणाऱ्या प्रथिनांची) भरती सुरू होते आणि नेहमीच्या कित्येक प्रथिनांचं उत्पादन कमी होतं. तुम्ही मोजताय ती पेशी मग तुमच्या प्रयोगातली राहत नाही. तापमान-संवेदी म्युटंट असेल तर नुकसान आणखी मोठं. लेलँड हार्टवेल (नोबेल २००१) यांनी पेशीचक्राचे आणि रँडी शेकमन (नोबेल २०१३) यांनी स्रावमार्गाचे जीन शोधले ते अशाच म्युटंटवर: २३-२५ अंशांना पेशी ठीक, ३६-३७ ला प्रथिन बंद. शेकमनांच्या सेक१ म्युटंटमध्ये ३७ अंशांना वेसिकल (माल वाहून नेणाऱ्या बारीक पिशव्या) पेशीत साचून राहतात. मे महिन्यातल्या नागपुरी शेकरमध्ये तुमचा म्युटंट तुम्ही न सांगताच बंद झालेला असतो, आणि तुम्ही त्याला "कंट्रोल तापमान" म्हणून वहीत लिहिता.

उपाय स्वस्त आहेत. कल्चर संध्याकाळी लावा आणि पहाटे काढा. शेकर एसीच्या खोलीत हलवा. विभागात कंप्रेसरवाला शेकर एकच असेल तर त्याचं वेळापत्रक दारावर लावा आणि तापमान-संवेदी स्ट्रेनवाल्यांना पहिला मान द्या. प्रोटोकॉलमध्ये "रूम टेंपरेचर" लिहिलं असेल तिथे २२ ते २५ अंश समजा. गच्चीवरच्या टाकीतून येणारं नळाचं पाणीसुद्धा या दिवसांत वॉटर बाथइतकं गरम असतं. ट्यूब थंड करायला ते चालणार नाही.

४. ओडी आणि कापणीची वेळ

बहुतेक स्पेक्ट्रोफोटोमीटरमध्ये ६०० नॅनोमीटरचं वाचन ०.४-०.६ च्या वर सरळ रेषेत राहत नाही. १.५ दिसत असेल तर खरी संख्या बरीच जास्त असते. दहा पट पातळ करून पुन्हा वाचा आणि गुणा. पेशी ०.५ ते १ च्या दरम्यान, म्हणजे जोरात वाढत असताना काढा. ग्लुकोज संपत आलं की भिंत जाड होते, पेशी फुटेनाशी होते आणि व्हॅक्युओलमधले प्रोटिएज वाढायला लागतात. रात्रभर वाढून गच्च झालेल्या कल्चरमधून काढलेलं लायसेट ही अर्ध्या तक्रारींची मुळी.

काढल्यावर वेळ घालवू नका. बर्फाच्या नुसत्या खड्यांवर ट्यूब ठेवली तर तिला हवाच लागते. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून लगदा करा आणि ट्यूब गळ्यापर्यंत बुडवा. सेंट्रिफ्यूज आधीच ४ अंशांना आणून ठेवा. लगेच पुढे जायचं नसेल तर पेलेट गोठवा, लायसेट नको.

फ्रीजर रात्रीतून वितळून पुन्हा गोठला का, हे कळायला एका छोट्या बाटलीत पाणी गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवून बाटली आतच ठेवा. नाणं बर्फात रुतलेलं दिसलं की समजायचं. त्या दिवशीची सँपलं टाकून द्या, त्यांच्यावर जेल वाया घालवू नका.

५. पेशी खरंच फुटल्या का?

यीस्टची भिंत ग्लुकन, मॅनोप्रोटीन आणि थोड्या कायटिनची, चिवट. प्राण्यांच्या पेशींसाठीचा डिटर्जंट बफर तिला काही करत नाही. काचेचे मणी अर्ध्या मिलिमीटरचे, आम्लाने धुतलेले घ्या. पेशी बफरमध्ये कालवा, मणी द्रवाच्या पातळीच्या जरा खालपर्यंत भरा. मणी वर आले तर ढवळणं बंद पडतं, कमी पडले तर घासणं होत नाही. व्हॉर्टेक्स पूर्ण वेगावर एक मिनिट, बर्फाच्या लगद्यात एक मिनिट, असे पाच-सहा फेरे. दोन मिनिटं सलग व्हॉर्टेक्स करून ट्यूब बोटांत धरा. ती कोमट लागते. तेवढी ऊब प्रोटिएजला पुरते.

मग मायक्रोस्कोप. फेज कॉन्ट्रास्टमध्ये न फुटलेल्या पेशी चमकतात, फुटलेल्या राखाडी, विझलेल्या दिसतात. दहातल्या आठ-नऊ विझल्या की थांबा. निम्म्याच विझल्या असतील तर आणखी फेरे द्या. हे बघितल्याशिवाय पुढे जाऊन ब्रॅडफर्डच्या (प्रथिन मोजायच्या रंग-चाचणीच्या) आकड्यावर विसंबू नका, कारण बफरमधला एसडीएस किंवा ट्रायटन ब्रॅडफर्डचा रंग बिघडवतो आणि रिकामं लायसेट भरलेलं दाखवतो.

६. निर्णायक चाचणी: मणी विरुद्ध सोडियम हायड्रॉक्साइड

एकाच फ्लास्कमधल्या पेशींचे दोन वाटे करा. एक नेहमीसारखा मण्यांनी फोडा. दुसऱ्यासाठी कुश्निरोव यांची २००० सालची पद्धत: अडीच ओडी पेशी १०० मायक्रोलिटर पाण्यात, त्यात १०० मायक्रोलिटर ०.२ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, पाच मिनिटं २५ अंशांना, मग सेंट्रिफ्यूज, वरचं द्रव फेका, ५० मायक्रोलिटर सँपल बफर घालून तीन मिनिटं उकळा. पुन्हा फिरवा आणि वरचं सहाएक मायक्रोलिटर लोड करा. मणी नाहीत, महागडं इन्हिबिटर (प्रोटिएज अडवणारं रसायन) नाही, खर्च जवळजवळ शून्य.

यात प्रथिनं बाहेर येतात ती थेट उकळत्या एसडीएसमध्ये, त्यामुळे प्रोटिएजला काम करायला फुरसतच मिळत नाही. आता दोन लेन शेजारी शेजारी वाचा. हायड्रॉक्साइडच्या लेनमध्ये पूर्ण आकाराचा बँड आणि मण्यांच्या लेनमध्ये तुकडे, तर प्रथिन पेशीत शाबूत होतं, तुमच्या हातात तुटलं. दोन्हीकडे सारखेच तुकडे, तर ते जिवंत पेशीतच कापलं जातंय; तो दोष नसून तुमचा निकालही असू शकतो. दोन्हीकडे काहीच नाही, पण पीजीके१ आहे, तर वर मुद्दा २ कडे परत जा.

शंका राहिली तर ट्रायक्लोरोअॅसेटिक आम्लाने पेशी जागच्या जागी थिजवून तिसरी लेन करा. प्रोटिएज थांबवण्याचा याहून वेगवान मार्ग नाही. त्यानंतर थंड अॅसिटोनने नीट धुवा. सँपल बफर घातल्यावर निळा रंग पिवळा झाला तर आम्ल उरलंय. निळा परत येईपर्यंत ट्रिस बेसचे बारीक थेंब घाला, नाहीतर लेन वाकडी धावेल. आम्लाने कातडी भाजते, हातमोजे आणि चष्मा हवेतच.

तिन्ही पद्धतींना लागू होणारी एक ताकीद: सँपल बफर घातला की ट्यूब त्याच क्षणी उकळत्या ब्लॉकवर ठेवा. व्हॅक्युओलमधला प्रोटिनेज बी एसडीएसमध्येही बराच वेळ तग धरतो, आणि उलगडलेलं प्रथिन त्याला खायला आणखी सोपं जातं. अपवाद मेंब्रेनमध्ये अनेकदा विणलेल्या प्रथिनांचा, उदाहरणार्थ पीएमए१ किंवा गॅप१. ती ९५ अंशांना गुठळी होऊन विहिरीतच अडकतात. त्यांना ३७ ते ५० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं द्या, आणि त्यांच्यासाठी वर सांगितलेली आम्लाची पायरी आधी कराच, म्हणजे प्रोटिएज तिथेच संपेल.

७. इन्हिबिटर

चाचणी ६ ने "हातात तुटलं" असं सांगितलं तरच इथे या. यीस्टचा व्हॅक्युओल म्हणजे पेशीतलं पोट. पेशी शाबूत असेपर्यंत तिथले प्रोटिएज तिथेच बंद असतात. मण्यांनी तो फुटला की सगळ्या लायसेटवर सांडतात. मुख्य तिघे: पेप४ (प्रोटिनेज ए), पीआरबी१ (प्रोटिनेज बी) आणि पीआरसी१ (कार्बॉक्सिपेप्टिडेज वाय). पीएमएसएफ शेवटच्या दोघांना अडवतं, पेप४ ला नाही. त्याला पेप्स्टॅटिन लागतं. फक्त पीएमएसएफ घालून "इन्हिबिटर घातलं" असं वहीत लिहिणारे खूप भेटतात.

शिवाय पीएमएसएफ पाण्यात टिकत नाही. पीएच ८ आणि २५ अंशांना ते साधारण ३५ मिनिटांत निम्मं होतं, पीएच ७ ला दोन तासांच्या आत. सकाळी बफरमध्ये घालून दुपारी वापरलं तर तुम्ही नुसता बफर वापरताय. आयसोप्रोपॅनॉलमधल्या १०० मिलिमोलर स्टॉकमधून १ मिलिमोलर, पेशी फोडण्याच्या क्षणी घाला, फेऱ्यांच्या मध्यावर पुन्हा घाला. विषारी आहे, पावडर तोलताना काळजी घ्या.

एवढं करूनही तुकडे येत असतील तर स्ट्रेन बदला. पेप४ आणि पीआरबी१ निकामी केलेले स्ट्रेन (बीजे२१६८, बीजे५४६४) याचसाठी बनले. पेप४ गेला की बाकीचे बरेच प्रोटिएज पक्वच होत नाहीत. क्रॉस करून नवीन पेप४ म्युटंट काढला असेल तर त्याला आधी अनेक पिढ्या वाढू द्या, कारण आईकडून मिळालेली क्रिया काही काळ टिकते. आणि तुमचा विषय ऑटोफॅजी (पेशीने स्वतःचाच माल पचवणं) असेल तर हा स्ट्रेन विचार करूनच घ्या. योशिनोरी ओसुमी (नोबेल २०१६) यांनी प्रोटिएज नसलेल्या यीस्टला उपाशी ठेवलं म्हणूनच व्हॅक्युओलमध्ये साचलेले ऑटोफॅजिक गोळे त्यांना मायक्रोस्कोपखाली दिसले. पचन थांबल्यावर तुमचेही आकडे बदलतील.

८. आता अँटिबॉडी

टॅग नसलेला मूळ स्ट्रेन शेजारच्या लेनमध्ये हवाच. सशांच्या रक्तात यीस्टविरुद्धच्या अँटिबॉडी मुळातच असतात, त्यामुळे सशात बनवलेल्या पॉलिक्लोनल अँटिबॉडीत भलतेच बँड दिसतात आणि लोक त्यांनाच आपलं प्रथिन समजतात. एचआरपीवाल्या (सिग्नल देणारं एन्झाइम जोडलेल्या) अँटिबॉडीत सोडियम अझाइड घातलं असेल तर सिग्नल मेलाच. त्याच टॅगचं दुसरं, भरपूर असणारं प्रथिन शेजारच्या प्रयोगशाळेतून मागून आणा आणि तुमच्या अँटिबॉडीने बघा. ते दिसलं तर अँटिबॉडी निर्दोष आहे.

कुठे थांबायचं

ताज्या कॉलनीतून, फ्लास्कमधलं तापमान मोजून, हायड्रॉक्साइड पद्धतीने दोन वेगवेगळ्या कल्चरमध्ये पीजीके१ आला आणि तुमचं प्रथिन आलं नाही, तर वेस्टर्न करणं थांबवा. टॅगच्या जोडाचा पीसीआर करून सिक्वेन्सिंगला पाठवा. एका बेसची सरक सगळा टॅग बिघडवते आणि ती जेलवर कधीच दिसत नाही.

शेकरचा सेन्सर, उणे ८० चा कंप्रेसर, सेंट्रिफ्यूजची थरथर, यांना हात लावू नका. विशेषतः सेंट्रिफ्यूज: रोटरवर चरा किंवा गंज दिसला तर त्या दिवसापासून वापर बंद, आणि सर्व्हिस इंजिनिअर येऊन लेखी देईपर्यंत बंदच. पूर्ण वेगातला रोटर फुटला तर माणूस जातो.

बँड आहे पण तो तुमचाच आहे का किंवा नेमका कुठे कापला गेलाय हे ठरवायचं असेल, तर ते काम मास स्पेक्ट्रोमेट्रीवाल्यांचं. मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्यातल्या संशोधन संस्थांत ही सोय आहे. जेलचा तुकडा पाठवण्याआधी त्यांना फोन करून विचारा. बहुतेक जण कुमासीने रंगवलेलं जेल मागतात. ग्लुटाराल्डिहाइडवालं सिल्व्हर स्टेन चालत नाही. नवीन ब्लेडने कापा, हातमोजे घाला, केस बांधा, नाहीतर अहवालात यीस्टऐवजी तुमच्याच कातडीचं केराटिन येईल. शेजारच्या रिकाम्या लेनमधला तेवढाच तुकडा दुसऱ्या ट्यूबमध्ये घालून सोबत पाठवा.